आजीला शेवट माहीत होता, तुझ्या नायिकेला नसू दे

पत्र: ताई, माझ्या आजीने सत्तरी उलटल्यावर आठवणी लिहिल्या, दोनशेएक पानांचं पुस्तक झालं, घरातल्या लोकांपुरतंच छापलं होतं. आजी आता नाहीये. मला त्यावर फीचर फिल्म लिहायचीये. एकही प्रसंग गाळायचा नाही असं ठरवून बसले आणि १४० पानं झाली तरी आजी अजून सोळा वर्षांचीच आहे. ओळखीच्या एका प्रोड्यूसरने वाचलं आणि म्हणाले, सगळं छान आहे पण पुढे काय होईल असं एकदाही वाटलं नाही. त्यात मोठे काका म्हणतायत, वडिलांचं कर्ज आणि घर विकल्याचं सिनेमात येणार असेल तर माझी परवानगी नाही समज. प्रसंग गाळले तर आजीशी बेइमानी केल्यासारखं वाटतं, नाही गाळले तर सिनेमा होत नाही. मी काय करू? – एक नात

प्रिय नात,

तुझं पत्र आणि सोबत पाठवलेली पुस्तकातली आणि पटकथेची पानं, सगळं नीट वाचलं. आजीचं लिखाण खरंच सुंदर आहे, साधं, कुठेही आव नाही, आणि तुला ते सगळंच्या सगळं जपायचंय हे मला मनापासून समजतं. पण प्रोड्यूसर जे बोलले ते बरोबर आहे, आणि ते का बरोबर आहे हे एकदा कळलं ना की तुझे बाकीचे प्रश्न निम्मे सुटतील असं मला वाटतं.

बघ, आजी लिहायला बसली तेव्हा तिला सगळं माहीत होतं. कोण कधी गेलं, कुठलं दुखणं निभावलं, घर हातचं गेलं तरी मुलं कशी मार्गाला लागली, सगळं. त्यामुळे तिच्या प्रत्येक वाक्यात शेवट आधीच येऊन बसलाय. ‘तेव्हा कुठे ठाऊक होतं की...’ असं ती किती वेळा लिहिते बघ. वाचताना तेच आवडतं आपल्याला, कारण सगळं सोसून झालेल्या माणसाचा तो आवाज असतो. पण पडद्यावर उभी राहणारी ती सोळा वर्षांची मुलगी आहे आणि तिला उद्याचं काहीएक माहीत नाही. पटकथा वर्तमानकाळात लिहितात ती उगाच नाही. ‘ती दार उघडते’ असं लिहिलं की दारापलीकडे कोण उभं आहे ते तिलाही कळलेलं नसतं आणि बघणाऱ्यालाही. तू क्रियापदं बदललीस, पण लिहितेयस अजून सत्तरीतल्या आजीच्या शेजारी बसूनच, म्हणून पुढे काय होईल हा प्रश्नच उठत नाहीये, कारण तुझ्या पानांवरच्या प्रत्येक माणसाला जणू सगळं निभावणार हे आधीच कळलंय.

आता पानांचं बोलू. ठरलेल्या फॉरमॅटमध्ये, म्हणजे १२ पॉइंटच्या कुरिअर टाइपमध्ये, पटकथेचं एक पान म्हणजे साधारण पडद्यावरचं एक मिनिट असा हिशोब धरतात, आणि फीचर फिल्मची पटकथा सहसा ९० ते १२० पानांत बसते. तुझी १४० झालीत आणि अजून लग्न, मुलं, कर्ज, घर, आजारपणं सगळं बाकी आहे. या चालीने सिनेमा सात-आठ तासांचा होईल. कोणीतरी म्हणेल मग सिरीज कर, पण त्याने अडचण सुटत नाही, उलट वाढते, कारण सिरीजला तर प्रत्येक भागाच्या शेवटी पुढे काय हे जास्तच लागतं.

तेव्हा आयुष्यातला एक तुकडा निवडावा लागेल. एखादं वर्ष, फार तर दोन-तीन वर्षं. आणि निवडताना सगळ्यात मोठे प्रसंग कुठले अशी यादी करू नकोस प्लीज, त्या यादीत जन्म लग्न मृत्यू एवढंच येतं आणि ते प्रत्येक घरात असतं. त्यापेक्षा पुस्तक हातात घे आणि आजी कुठे घाईने पुढे सरकलीये ते शोध. शाळेत बक्षीस मिळालं त्यावर तिने पाच पानं लिहिलीत आणि घर विकलं त्यावर किती? तू पाठवलेल्या पानांत एवढंच आहे: ‘त्या वर्षी घर विकलं. फार वाईट वाटलं. पण दिवस थांबत नाहीत.’ बस्स. तीन वाक्यं, आणि पुढच्या परिच्छेदात थेट धाकट्याची परीक्षा. बोलक्या बाईने, जिने बक्षिसाच्या पुस्तकाच्या पुठ्ठ्याचा रंगसुद्धा लिहून ठेवलाय, तिने घर जाताना तीन वाक्यांत उरकलं, म्हणजे तिथे काहीतरी आहे जे तिच्याच्याने लिहवलं नाही. माझ्या मते तुझा सिनेमा तिथे आहे.

हे नुसतं सांगून उपयोग नाही म्हणून ती तीन वाक्यं घेऊन बघूया. ‘फार वाईट वाटलं’ याचं शूटिंग करता येत नाही. कॅमेऱ्याला वाईट वाटणं दिसत नाही, त्याला माणूस काय करतं ते दिसतं. रडताना दाखवलं तर ते कुणाचंही रडणं होतं, तुझ्या आजीचं राहत नाही. मग आपण असं विचारायचं की त्या दिवसांतला असा कुठला क्षण असेल जिथे तिला काहीतरी करावं लागलं. समज, विकत घेणारा माणूस घर मोजायला आलाय. एकटाच आलाय, त्याला मेजरिंग टेपचं दुसरं टोक धरायला कोणीतरी हवंय, आजोबा कामाचं निमित्त काढून बाहेर गेलेत, तर तो सहज म्हणतो, वहिनी जरा हे धरता का. आणि ती धरते. एकेका खोलीत तो आकडा सांगत जातो आणि वहीत लिहितो. आतल्या खोलीत तो म्हणतो, साडेअकरा. ती म्हणते, बारा. तो म्हणतो, अहो साडेअकराच आहे. ती म्हणते, टेप कपाटाशीच अडलीये, भिंतीपर्यंत गेली नाही, बारा आहे. तो परत मोजतो. बारा भरतात. तो काही न बोलता वहीतला आकडा खोडून नवा लिहितो.

एवढाच सीन. दीड पान होईल. यात ती एकदाही वाईट वाटतंय म्हणत नाही, पण त्या घराची इंच न् इंच जिला पाठ आहे तिलाच ते मोजून द्यावं लागतंय हे दिसतं, ती किती शिस्तीची आणि किती मानी आहे हे दिसतं, आजोबा तिथे नाहीत हे दिसतं, आणि मुख्य म्हणजे आता आजोबा घरी आल्यावर ती त्यांना काय म्हणेल हे बघायला आपण थांबतो. प्रोड्यूसरला जे सापडलं नाही ना, ते हे. हा प्रसंग पुस्तकात नाहीये, मी रचलाय, तुला पटला नाही तर टाकून दे. पण पुस्तकात नाही म्हणून तो खोटा आहे असं मला वाटत नाही. आजीने तीन वाक्यांत जे झाकलं ते तो उघडून दाखवतो. तुझ्याकडे तर माझ्यापेक्षा कितीतरी जास्त माहिती असणार, घरातल्या माणसांना विचार, तेव्हा घर बघायला कोण आलं होतं, कुठल्या वेळी, तेव्हा मुलं कुठे होती, सामान कशात भरलं. ‘तुम्हाला काय वाटलं’ असं विचारू नकोस, ‘मग काय केलंत’ असं विचार, त्यातून सीन मिळतात.

बेइमानीचा मुद्दा तू लिहिलायस म्हणून त्यावर जरा सविस्तर बोलते. ‘पथेर पांचाली’चं उदाहरण घे. विभूतिभूषण बंद्योपाध्यायांची ती कादंबरी १९२९ मध्ये पुस्तक म्हणून आली, त्यांच्या स्वतःच्या लहानपणाचा बराच भाग तिच्यात आहे, म्हणजे तुझ्या पुस्तकापासून फार लांबची गोष्ट नाही. सत्यजित रेंचा सिनेमा आला १९५५ मध्ये. कादंबरीत त्या घरातली म्हातारी, इंदिर ठाकरून, सुरुवातीच्या भागातच जाते. रेंनी तिला सिनेमात बरंच पुढपर्यंत जिवंत ठेवलं, घरातल्या धाकट्या मुलाला, अपूला, तिच्याबरोबर वाढू दिलं, त्यामुळे ती जाते तेव्हा अपूला आणि त्याच्या बहिणीला, दुर्गाला, काय कळतं काय नाही ते आपल्याला त्यांच्या चेहऱ्यावर बघायला मिळतं. आणि कादंबरी ते कुटुंब गाव सोडून गेल्यावरही पुढे चालू राहते, सिनेमा गाव सोडतानाच संपतो. घटनांची जागा हलवली, शेवट अलीकडे आणला, कितीतरी गाळलं, आणि तरीही तो सिनेमा त्या पुस्तकाशी बेइमान आहे असं कुणी म्हणेल असं मला वाटत नाही. रेंकडे नेहमीसारखी पूर्ण बांधलेली पटकथाही नव्हती, चित्रं काढलेली वही आणि टिपणं यांच्यावरच बरंचसं काम झालं. मला यातून तुझ्यासाठी घेण्यासारखं हे वाटतं की आधी चित्र दिसू दे आणि मग वाक्य लिही. तुझ्या १४० पानांत बहुतेक ठिकाणी वाक्य आधी आहे आणि चित्र नंतर चिकटवलंय.

आपल्याकडचं ‘श्यामची आई’ आठवून बघ. साने गुरुजींच्या पुस्तकात श्याम रोज रात्री मित्रांना एक आठवण सांगतो, प्रत्येक रात्र स्वतंत्र, क्रम बदलला तरी फार बिघडणार नाही अशी. आचार्य अत्र्यांनी १९५३ मध्ये त्यावर सिनेमा केला आणि राष्ट्रीय पुरस्कारांच्या पहिल्याच वर्षी त्याला राष्ट्रपतींचं सुवर्णपदक मिळालं. सुट्यासुट्या आठवणी असूनही तो गोष्टींचा गठ्ठा वाटत नाही कारण नजर एकाच ठिकाणी आहे, आई आणि मुलगा. तुझ्या पुस्तकात आजीचे वडील आहेत, दोन आत्या आहेत, शाळेतल्या बाई आहेत, मैत्रीण आहे, आजोबा आहेत, पाच मुलं आहेत. यातलं मुख्य नातं कुठलं? मला तू पाठवलेल्या पानांवरून आजी आणि आजोबा वाटतात, एक सगळं मोजून मापून जगणारी आणि एक उधारीवर स्वप्न बघणारा, पण ते तू ठरव. एकदा ते ठरलं की दोन आत्यांची एक आत्या करायला जीव कचरणार नाही, कारण दोघी गोष्टीत एकच काम करतायत हे दिसायला लागेल. पाच मुलांचीही दोन-तीन होतील. घरचे नाराज होतात यावर, होऊ देत, पण प्रेक्षकाला पहिल्या दहा मिनिटांत अकरा नावं लक्षात ठेवायला लावू नकोस.

आठवणींवरच्या सिनेमात अजून एक अडचण हमखास येते. आठवणी लिहिणारा माणूस बघणारा असतो, करणारा नसतो. आजीच्या पुस्तकात सगळे जण काही ना काही करतात आणि ती बघते, ऐकते, लक्षात ठेवते. पुस्तकात ते चालतं कारण तिचं मन आपल्याला वाचायला मिळतं. पडद्यावर ती नुसती कोपऱ्यात उभी दिसेल. म्हणून तिला काहीतरी हवं असायला पाहिजे, आणि ते मोठं नसलं तरी चालेल, पण ठरावीक असायला हवं. घर वाचवायचंय हे झालंच, पण त्याहून नेमकं, अमुक तारखेपर्यंत अमुक रक्कम उभी करायचीये आणि नवऱ्याला कळू द्यायचं नाहीये. मग प्रत्येक सीन त्या तारखेकडे जायला लागतो.

व्हॉइस-ओव्हरबद्दल, म्हणजे चित्रावर नुसत्या ऐकू येणाऱ्या निवेदनाबद्दल, तू विचारलं नाहीस पण पानापानावर तो आहे म्हणून सांगते. आजीची वाक्यं सुंदर आहेत म्हणून ती ऐकवायचा मोह होतोय ना? पडद्यावर ती टेप धरून उभी आहे आणि वरून आवाज येतोय ‘फार वाईट वाटलं’, तर दोन्ही मरतात. पण तीच आजी टेप धरून उभी आहे आणि तिने धाकट्या बहिणीला लिहिलेल्या पत्रातला आवाज येतोय, ‘इकडे सर्व क्षेम आहे, काळजी नसावी’, तर अंगावर येतं. चित्र एक सांगतंय आणि आवाज दुसरं, तेव्हाच तो ठेव. माझा सल्ला असा की पहिला ड्राफ्ट पूर्ण व्हॉइस-ओव्हरशिवाय लिही, नंतर जिथे अगदीच गरज वाटेल तिथे दोन-तीन जागी आण.

आता काका. इथे दोन वेगळ्या गोष्टी आहेत, एक कायद्याची आणि एक घरातली, आणि त्या एकमेकींत मिसळू देऊ नकोस.

कायद्याचं असं की पुस्तकाचा कॉपीराइट लिहिणाऱ्याचा असतो आणि ती व्यक्ती गेल्यावर तो वारसांकडे जातो. आपल्याकडे लेखकाच्या मृत्यूनंतर ६० वर्षं तो चालू राहतो, बऱ्याच देशांत ७०. पुस्तक घरातल्यांपुरतं छापलं होतं की दुकानात विकलं होतं याने फरक पडत नाही. पुस्तकावरून सिनेमा करणं हा त्याच हक्काचा भाग आहे. म्हणजे आजीने मृत्युपत्रात हे हक्क कुणा एकाला दिले नसतील तर तुझे बाबा, काका, आत्या जे कोणी कायदेशीर वारस असतील त्या सगळ्यांची परवानगी लागेल, आणि तीही लेखी, तोंडी ‘हो गं कर की’ म्हणालेलं कुठलाच प्रोड्यूसर धरत नाही. ‘पथेर पांचाली’च्या वेळीसुद्धा विभूतिभूषण आधीच, १९५० मध्ये, गेले होते, परवानगी त्यांच्या पत्नीने दिली. पत्रांच्या बाबतीत अजून एक, घरात आजीला आलेली जुनी पत्रं असतील तर कागद तुमच्या मालकीचा आहे पण मजकुराचा हक्क ज्याने लिहिलं त्याचा किंवा त्याच्या वारसांचा, तेव्हा ती जशीच्या तशी वापरण्याआधी त्यांना विचार. घडलेल्या घटनेवर, म्हणजे अमुक साली घर विकलं यावर, कुणाचा कॉपीराइट नसतो, पण आजीचे शब्द, तिची मांडणी यावर असतो. आणि नावं बदलली की झालं असं समजू नकोस, माणूस ओळखू येत असेल तर नुसत्या नावबदलाने बदनामीची तक्रार टळत नाही. ज्यांनी कर्ज दिलं होतं त्यांच्या घरची माणसं आज हयात असतील, त्यांना तू सावकार म्हणून कसं रंगवतेस याचा नीट विचार कर. वारसांची कागदपत्रं आणि मृत्युपत्र एकदा कॉपीराइटची कामं करणाऱ्या वकिलाला दाखव, आणि हे सगळं प्रोड्यूसरशी करार करायच्या आधी, नंतर नाही.

घरातलं असं की काका कर्जाला विरोध करतायत असं मला वाटत नाही. ते वडिलांसाठी भांडतायत. तू पाठवलेल्या पुस्तकाच्या पानांत आजोबा फक्त आजीच्या नजरेतून आलेत, आणि आजीला तर शेवट माहीत होता, त्यामुळे आजोबा पहिल्या पानापासून कर्ज बुडवणारा माणूस म्हणूनच येतात. पण ज्या दिवशी त्यांनी सही केली त्या दिवशी त्यांना काय माहीत होतं? त्यांना वाटत असणार की वर्षभरात फेडू. काहीतरी हिशोब असेल त्यांच्या डोक्यात, कोणीतरी शब्द दिला असेल, कदाचित मुलांसाठीच घेतलं असेल. तो सही करायचा दिवस त्यांच्या बाजूने लिही, पूर्ण आशेने, जणू खरंच सगळं नीट होणार आहे असा. आजीला जे दिलंस तेच त्यांनाही दे. मग कर्ज सिनेमात येईल पण आजोबा गुन्हेगार म्हणून उभे राहणार नाहीत. आणि त्या दिवसाची माहिती सगळ्यात जास्त कुणाकडे असेल? काकांकडेच. तेव्हा ते मोठे होते, घरात होते. परवानगीचा कागद घेऊन जाऊ नकोस, वही घेऊन जा, आणि आजोबा त्या वर्षी कसे होते, काय बोलायचे, कुठल्या गोष्टीवर हसायचे एवढंच विचार. कदाचित ते तरीही नाही म्हणतील. तसं झालं तर तो त्यांचा अधिकार आहे आणि मग पुस्तक बाजूला ठेवून पूर्ण काल्पनिक कुटुंबाची, वेगळ्या घराची, वेगळ्या शेवटाची गोष्ट लिहायचा रस्ता राहतो, तोही वकिलाला विचारूनच, पण त्याची आत्ताच तयारी करायची गरज नाही.

काम कसं करायचं ते थोडक्यात. १४० पानं फेकू नकोस, पण उघडूही नकोस सध्या. निवडलेल्या त्या वर्षाचे सीन एकेका कार्डावर एका ओळीत लिही, साठ-सत्तर कार्डं होतील, आणि प्रत्येक कार्डाच्या मागे लिही की सीन सुरू होताना तिला काय माहीत नव्हतं आणि संपताना काय कळलं. मागची बाजू कोरी राहिली तर ते कार्ड बाजूला काढ. लहानपणीचे प्रसंग, ते बक्षीस वगैरे, त्यांतलं जे तुला सोडवत नाहीये ते त्या वर्षात एखाद्या वस्तूतून येतंय का बघ, सामान बांधताना ते बक्षिसाचं पुस्तक न्यायचं की रद्दीत टाकायचं हा एक सीन झाला की पाच पानं आली त्यात. याचा आणखी एक फायदा, एकाच वर्षात राहिलीस तर आजीसाठी लहान, तरुण, म्हातारी अशा तीन अभिनेत्री आणि तीन काळांचे सेट लागत नाहीत, आणि प्रोड्यूसर पटकथा वाचताना हाही हिशोब मनात करत असतोच.

कार्डं झाली की प्रोड्यूसरला इतक्यात काही पाठवू नकोस. आधी सहीच्या दिवसाचा सीन पूर्ण लिही, संवादांसकट, आणि तो काकांना दे वाचायला.